आमची वाटचाल : ग्रीन सर्टिफिकेट आणि नागपूरचा मे महिना

आमची सहा जणांची छोटी फर्म आहे, ऑफिस प्रतापनगरला. बिल्डिंगला ग्रीन रेटिंग, म्हणजे ती वीज-पाणी वाचवणारी आणि पर्यावरणाला जपणारी आहे याचं सर्टिफिकेट, मिळवून द्यायचं काम करतो, आणि ती बिल्डिंग नागपूरच्या मे महिन्यात राहण्यासारखी व्हावी हेही आम्ही आमचंच काम मानतो, फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नसला तरी.

सुरुवात बुटीबोरीच्या एका फॅक्टरीच्या ऑफिस ब्लॉकपासून झाली. मूळ कंपनी परदेशातली, त्यांना लीड (LEED) हेच ग्रीन रेटिंग पाहिजे होतं. लीड अमेरिकेत तयार झालेली सिस्टीम, भारतात हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला २००३ मध्ये तिचं सगळ्यात वरचं प्लॅटिनम रेटिंग मिळालं तेव्हापासून इथे लोक तिला ओळखायला लागले, नंतर आयजीबीसी आणि गृह या आपल्याकडच्या रेटिंग आल्या. त्या पहिल्याच कामात माझ्या लक्षात आलं की प्रत्येक क्रेडिटचा, म्हणजे ज्या अटीसाठी रेटिंगमध्ये पॉइंट मिळतात तिचा, हेतू पक्का धरायचा, पण तो साधायचा रस्ता आपल्या गावचं ऊन, पाणी, माती बघून शोधायचा. आजही नवीन पोरगा-पोरगी जॉइन झाले की मी आधी हेच सांगतो.

खिडक्यांचंच घ्या. बाहेरच्या गाइडमध्ये उत्तरेची खिडकी म्हणजे सेफ, तिला सावलीची गरज नाही, कारण ती गाइड वरच्या अक्षांशांवरच्या गावांसाठी लिहिलेली असतात. नागपूर २१ अंशावर आहे. मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो आणि संध्याकाळी मावळताना तर चांगलाच उत्तरेकडे झुकतो. एका साइटवर आमचे मिस्त्री म्हणाले, "भाऊ, उत्तरेच्या खिडकीले बाजूनं पट्टी काहून पाहिजे? खर्च वाढते ना." मी म्हटलं, काका, आज पाच वाजता थांबा. पाचनंतर उत्तरेच्या भिंतीवर तिरकं ऊन आलं, काका भिंतीला हात लावून बघत होते, आणि पुढच्या मजल्यापासून त्यांनी स्वतःहून खिडकीच्या पश्चिमेकडे उभी पट्टी काढायला सुरुवात केली.

मग कूलर. यावर मी कितीही बोलू शकतो. लीडमध्ये एनर्जीची तुलना अ‍ॅश्रे या अमेरिकेतल्या इंजिनियरांच्या संस्थेच्या स्टँडर्डशी होते आणि तिथे कूलिंग म्हणजे एसी धरून चालतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ डिग्री गेलं होतं, अशा हवेत डेझर्ट कूलर मस्त काम करतो आणि एसीपेक्षा कितीतरी कमी वीज खातो, फक्त पाऊस सुरू झाला की तो चिकचिक करतो. पण फ्लॅटच्या प्लॅनमध्ये कूलरला जागाच नसते, मग लोक भिंतीला लोखंडी अँगल ठोकतात, पाइप लोंबतात, पाणी खालच्याच्या खिडकीवर गळतं. आम्ही आता बिल्डरला ड्रॉइंगच्या वेळीच सांगतो की कूलरसाठी सावलीतली जागा द्या, तिथे नळ आणि ड्रेन द्या, आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला उघडणारी खिडकी द्या, कारण हवा बाहेर गेली नाही तर घर नुसतं दमट होतं. ड्रेन असला की टाकी दर आठवड्याला रिकामी करणं सोपं जातं, डेंग्यूच्या डासांचा प्रश्न आपल्याला माहीतच आहे. आणि वॉटर कॅल्क्युलेशनमध्ये कूलरचं पाणी आम्ही वेगळं दाखवतो, लपवत नाही.

कम्फर्टच्या बाबतीत अहमदाबादच्या सेप्ट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी भारतीय ऑफिसांमध्ये सर्व्हे करून आयमॅक मॉडेल (किती तापमानात माणसाला आराम वाटतो याचा हिशेब) काढलं, ते २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये आलं, त्यामुळे पंख्याखाली थोड्या जास्त तापमानातही आपली माणसं आरामात असतात हे सांगायला आता आधार आहे. मला त्याचं फार समाधान वाटतं.

मटेरियलमध्ये नागपूर नशीबवान. कोराडी, खापरखेड्याची कोळशावरची वीजकेंद्रं जवळ, त्यामुळे तिथल्या राखेच्या फ्लायॅश विटा सहज मिळतात. अडचण कागदाची. लीडमध्ये ही राख प्री-कन्झ्युमर (ग्राहकापर्यंत न जाता कारखान्यातूनच निघालेला टाकाऊ माल) धरतात, म्हणजे रीसायकल मालाच्या हिशेबात तिची निम्मीच किंमत मोजली जाते, आणि त्यासाठीसुद्धा वजनाने राख किती याचं पत्र लागतं. छोट्या वीटवाल्यांकडे असलं काही नसायचं, तर आम्ही मराठी-हिंदीत एका पानाचा फॉर्म बनवून दिला, बसून भरून घेतला. आता तेच लोक दुसऱ्या साइटवाल्यांनाही तो फॉर्म देतात.

पाणी जिरवायचं क्रेडिट मात्र काळ्या मातीत अवघड जातं. वरवरचा खड्डा दोन पावसांत भरून बसतो, ही माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली सोडत नाही, म्हणून आम्ही मुरूम लागेपर्यंत खाली जातो आणि आधी फिल्टर देतो.

बिल्डर लोक आधी एफएसआयच (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) विचारतात. युडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीत रेटिंगप्रमाणे ३ ते ७ टक्के जादा एफएसआय आहे, त्यात मला काही वाईट वाटत नाही, त्या निमित्ताने तरी दार उघडतं. मात्र पॉइंट मिळवण्यापुरत्या वस्तू लावायचं काम आलं तर आम्ही नाही म्हणतो, अशी दोन-चार मोठी कामं सोडली आहेत आणि तेव्हा पगार उशिरा झाले तरी टीम सोबत राहिली.

सध्या हिंगणा रोडला एका शाळेचं काम सुरू आहे. गच्चीवर ऊन परतवायला पांढऱ्या टाइल-तुकड्यांचं चायना मोझॅक बसवून झालंय, पश्चिमेला जिना आणि टॉयलेट घेतलेत म्हणजे वर्गांना थेट ऊन लागत नाही, आणि येत्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या वर्गांत तापमान नोंदवणारे लॉगर लावणार आहोत. आकडे आले की ते शाळेच्या नोटीस बोर्डावर लावायचं मुख्याध्यापक मॅडमनी आधीच ठरवलंय.