आधीचंही चालत होतं

शिंदे आळीतल्या जुन्या फोटोंना माप बसवून खाली मजकुराची पट्टी लावणारी आप्पांची फाइल मी नव्याने लिहिली, त्यावर आप्पा एवढंच म्हणाले. "आधीचंही चालत होतंच की गं." मग चष्मा काढून पुसायला लागले, आणि विषय संपला.

रागावले नाहीत, नको म्हणाले नाहीत. उलट बशी पुढे सरकवली, वडा गार होतोय म्हणाले. तरी घरी येऊन कुकर लावला, उतरवला, जेवून झालं, आणि ते वाक्य अजून तिथंच बसलंय. म्हणून लिहितेय. लिहिलं की निदान कळेल, टोचलंय नेमकं काय.

चालत होतं म्हणजे कसं चालत होतं, ते मला माहीत आहे. जुनी बॅच फाइल, म्हणजे संगणकाला ओळीने द्यायच्या हुकुमांची यादी, मीच उघडून बघितलीये. त्यात १०२४ बाय ७६८ असं ठोकून लिहिलंय आणि पुढे एक उद्गारचिन्ह. इमेजमॅजिकमध्ये, म्हणजे हुकूम लिहून फोटो बदलायच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये, ते उद्गारचिन्ह म्हणजे दंडेली. फोटो उभा असो, आडवा असो, त्याला त्या चौकटीत कोंबायचंच. आता शिंदे आळीतल्या अर्ध्या घरांतून आलेत ते क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेले फोटो, सहा बाय सहा सेंटिमीटरचे, चौरस. चौरस फोटो त्या चौकटीत ताणला की प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. गेल्या वेळी हॉलमध्ये सगळ्यांच्या आज्या, आत्या अशाच पसरट दिसत होत्या. कुणी काही बोललं नाही. एक गृहस्थ तर म्हणाले होते, पूर्वीच्या लोकांच्या तब्येतीच वेगळ्या.

तर हे चालत होतं.

मी काय केलं? फोटोला त्याचं माप विचारलं. बस. %डब्ल्यू म्हणजे रुंदी, %एच म्हणजे उंची, आणि गणित करायचं तर एफएक्सच्या कंसात. खाली मजकुराची पांढरी पट्टी लागते, ती रुंदीच्या बाराव्या भागाएवढी. अक्षर रुंदीच्या चाळिसाव्या भागाएवढं. म्हणजे १८०० पिक्सेलच्या फोटोला १५० ची पट्टी आणि ४५ चं अक्षर, ६०० च्या फोटोला ५० आणि १५. कुठेही आकडा ठोकलेला नाही. जुन्या फाइलमधली पट्टी सरसकट ४० पिक्सेलची. या वेळी फोटो पडद्यावर नाही, फलकांवर छापून लावायचेत. इंचाला तीनशे ठिपके धरले तर ४० पिक्सेलची पट्टी साडेतीन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. त्यात कुणाचं नाव लिहिणार आणि कोण वाचणार?

हे सगळं मी आप्पांना सांगितलं होतं. सावकाश सांगितलं होतं. त्यावर ते वाक्य.

सांगितल्या नाहीत त्या गोष्टी वेगळ्याच. स्कॅनरने दिलेल्या टिफ फाइलींमध्ये कधी कधी आत दुसरं, टिकलीएवढं चित्र दडलेलं असतं. अशा फाइलला आयडेंटिफायने, म्हणजे इमेजमॅजिकच्या माप सांगणाऱ्या हुकुमाने, रुंदी विचारली की तो दोन्ही चित्रांच्या रुंद्या एकाला एक चिकटवून सांगतो. २४०० आणि १६० चं होतं २४००१६०. चोवीस लाख पिक्सेल रुंद फोटो, आमच्या गल्लीतल्या मुंजीचा! फाइलच्या नावामागे चौकोनी कंसात शून्य लिहिलं की तो पहिल्याच चित्रापुरतं बोलतो. वहिनींनी मोबाइलवरून पाठवलेले फोटो तर दिसतात उभे, पण फाइलमध्ये झोपलेले. मोबाइल पिक्सेल आडवेच ठेवतो आणि बाजूला चिठ्ठी लावतो की दाखवताना फिरवा. %डब्ल्यू ती चिठ्ठी वाचत नाही. मग ३००० ऐवजी ४००० सांगतो आणि पट्टी फोटोच्या बाहेर लटकते. आधी ऑटो-ओरिएंट, म्हणजे चिठ्ठीप्रमाणे फोटो फिरवणं, मग माप. हा क्रम कळायला एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि त्या संध्याकाळी घरात जे झालं ते जाऊ दे.

आणि मराठी मजकूर! मजकूर उमटवायचा साधा लेबल हुकूम वापरला तर माझ्या मशीनवर 'विठ्ठल मंदिर'मधली वेलांटी 'वि'च्या मागे जाऊन बसत होती आणि 'ठ्ठ'चे पाय मोडत होते. तो अक्षरं एकामागे एक मांडत सुटतो, जोडायची कशी ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शेवटी पँगोकडून, म्हणजे जोडाक्षरं नीट मांडणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून, लिहून घेतलं. त्या दिवशी नीट उमटलेलं 'विठ्ठल' बघून मी एकटीच टाळी वाजवली. हेही आप्पांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? म्हणाले असते, छान. त्यांचं 'छान' पण 'चालत होतं'सारखंच असतं.

म्हणजे टोचलंय ते हेच का, की कौतुक नाही झालं? या वयात? लिहिताना हसू येतंय. पण असेल तसंच. कुणी सांगितलेलं नसताना रात्री जागून केलेल्या कामाला कुणी न सांगताच दाद द्यावी, असा काहीसा हट्ट.

मगाशी ती जुनी फाइल पुन्हा उघडली. भांडायला मुद्दे हवे होते. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहावं लागतं, नाहीतर विंडोज ते स्वतःच गिळून टाकतं. आप्पांनी एका जागी ते दोनदा लिहिलंय. म्हणजे %डब्ल्यू त्यांना ठाऊक होतं! ती ओळ नुसती माप छापून दाखवते, पुढे वापरलेलं नाही. आणि तिच्या वर, आरईएमच्या, म्हणजे नुसत्या शेऱ्याच्या ओळीत, मिंग्लिशमध्ये लिहिलंय: हॉल प्रोजेक्टर, काळ्या पट्ट्या नकोत, मागचे ओरडतात.

१०२४ बाय ७६८ हे फोटोचं माप नव्हतंच, प्रोजेक्टरचं होतं. कडेला काळ्या पट्ट्या आल्या की मागच्या रांगेला वाटायचं मशीन बिघडलं, हे मलाही आठवतं. दिवे लावा, दिवे लावा, असा गलका व्हायचा. म्हणून ते उद्गारचिन्ह. आज्या पसरट झाल्या, पण गलका थांबला.

आणि सगळं एकदा १०२४ वर आणलं की ४० ची पट्टी प्रत्येकाला बरोबरच बसते. खरंच चालत होतं.

इमेजमॅजिकचं मूळही असंच आहे म्हणा. १९८७ मध्ये ड्यूपॉन्टमध्ये काम करणाऱ्या जॉन क्रिस्टी यांनी ते लिहिलं, ते चित्रातले लाखो रंग २५६ वर आणण्यासाठी. कारण तेव्हाचे बहुतेक पडदे तेवढेच रंग दाखवत. चित्राने पडद्यापुढे मान तुकवायची, यासाठीच ते जन्मलं. १९९० पासून ते सगळ्यांना फुकट मिळालं, म्हणून आप्पांना मिळालं आणि मला. शिवाय जुन्या सहाव्या आवृत्तीत बहुतेक ठिकाणी %डब्ल्यू लिहून उपयोगच नसायचा. पर्यायांच्या आत तो सर्रास चालायला लागला २०१६ नंतरच्या सातव्या आवृत्तीत. आप्पांची फाइल त्याच्या कितीतरी आधीची. हे माहीत असतं तर मी एवढी सावकाश समजावत बसले नसते. त्यांनी ऐकून मात्र घेतलं, सगळं.

तरीही माझंच बरोबर आहे, या वेळेपुरतं. फलक म्हणजे प्रोजेक्टर नव्हे.

एक करामत मात्र मला फार आवडलीये, ती कुणाला तरी सांगायचीच आहे. इमेजमॅजिकच्या आतच गुलाबाचं एक छोटं चित्र येतं, ७० बाय ४६ चं, चाचणीसाठी. त्याची रुंदी सेट या हुकुमाने आपण दिलेल्या नावाखाली ठेवायची, मग चित्र निम्मं करायचं, मग दोन्ही विचारायचं. %डब्ल्यू सांगतो ३५. आपण ठेवलेलं नाव सांगतं ७०. ज्या क्षणी ठेवलं, त्या क्षणाचंच माप ते धरून बसतं, पुढे फोटोचं काहीही होवो. ट्रिम करून स्कॅनरची पांढरी कड कापली तरी असंच काहीसं. लहान डब्ल्यू नवी रुंदी सांगतो, मोठा डब्ल्यू जुन्या कागदाचीच सांगत राहतो. अधिक चिन्ह लावून रीपेज, म्हणजे जुना कागद विसर, म्हटलं की मगच सोडतो. माझं काम लहान डब्ल्यूवर चालतं, पण मोठ्याला पुसून टाकताना हात जरा थांबतो. का ते नको लिहायला. आईच्या फोटोला रीपेज केलेलं नाही, एवढंच.

साडेदहाला आप्पांचा फोन. वाटलं, आता काहीतरी बोलतील. म्हणाले, "ती पट्टी अजून थोडी जाड कर, म्हाताऱ्यांना वाचता यायला हवं. आणि तो बाराचा आकडा कुठनं आणलास?"

बारा! रुंदी भागिले बारा. कुठेही आकडा ठोकलेला नाही असं मी वर केवढ्या तोऱ्यात लिहिलंय.

"डोळ्यांनी," म्हटलं.

"मग नऊ कर. माझे डोळे."

केलं. एकाच जागी बदलायचं होतं, आत्ता सगळे फोटो नवाने धावतायत, पंखा जोरात फिरतोय लॅपटॉपचा. चाळीसचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. पट्टी जाड झाली आणि अक्षर तेवढंच राहिलं तर विचित्र दिसेल, तीस करून बघते.