रांगेतली जागा

स्मरणिकेचं निमंत्रण हाती पडलं आणि लिहायचं ते पी.टी.च्या सरांच्या लेझीम पथकावरच, हे तिथेच ठरलं. शाळेने पुष्कळ दिलं. पण मूल शाळेचं कसं होतं, हे सरांइतकं कुणाला कळलं असेल असं मला वाटत नाही.

एकोप्यावर सर कधी बोलले नाहीत. ते जागा देत. उंचीप्रमाणे आठ-आठच्या रांगा लागल्या की आधी टोळकी फुटत. तिघे जिवलग शेजारी आले की ते एकमेकांकडे सरकतात आणि रांगेत खिंडार पडतं. मग 'अ' आणि 'ब' तुकडीची मुलं एकाआड एक. नव्याने दाखल झालेलं मूल दुसऱ्या रांगेत मधोमध, दोन पक्क्या मुलांच्या मध्ये. शेवटच्या रांगेत लपवलेलं मूल 'पीछे मूड' होताच सगळ्यांच्या पुढे येतं, आणि टोकाला उभं केलं तर एकाच बाजूचा आधार मिळतो. मधल्याच्या कानावर दोन्हीकडून ठेका पडतो. लेझमीच्या प्रकारांत 'चार आवाज' बसले की मगच 'पवित्रा', मग 'दोन रुख'.

ठेका पळायला लागला की सर हलगी थांबवत आणि नुसत्या लेझमीवर पुन्हा चार आवाज घेत. हलगीच्या दणक्यात चुका झाकल्या जातात. ती थांबली की शेजाऱ्याचं ऐकावंच लागतं.

ज्याचे पाय ठेक्यावर पडतच नसत, त्यालाही सर घरी धाडत नसत. पंधरा ऑगस्टच्या ओल्या हवेत हलगीचं कातडं सैल पडतं, ते जाळावर शेकावं लागतं. फार जवळ धरलं तर तडकतं, कमी शेकलं तर आवाज बद्द येतो. ते काम त्याचं. साखळीची सुटलेली कडी तारेने बांधणंही त्याचंच. तो आल्याशिवाय पथक मैदानात उतरत नसे.

आज कॉलेजात समाजमानसशास्त्र शिकवताना मुझफ्फर शेरीफ यांचा ओक्लाहोमातला १९५४ सालचा प्रयोग येतो. २२ मुलं, दोन गट. गटांनी स्वतःला नावं घेतली, झेंडे केले. सामने सुरू होताच झेंडा जाळण्यापर्यंत मजल गेली. एकत्र जेवायला बसवूनही वैर गेलं नाही. बंद पडलेला ट्रक दोघांनी मिळून दोराने ओढायची वेळ आली, अशी कामं एकामागून एक पडत गेली, तेव्हा कुठे ते निवळलं. सरांची एकाआड एक रांग तेच करत होती.

आता संमेलनात स्पीकरवर गाणं लागतं, नाच बसवायला बाहेरून माणूस येतो, मोजकी मुलं निवडली जातात. दिसतं देखणं. पण बाकीचा वर्ग खुर्च्यांवर बसून राहतो, आणि स्पीकरवरचं गाणं मागे पडलेल्यासाठी थांबत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

शाळेला एवढीच विनंती: कोठीतल्या लेझमी बाहेर काढा, गंजलेल्या साखळ्या तेलाने पुसून घ्या आणि निवड न करता पाचवीचा अख्खा वर्ग मैदानात उतरवा. हलगी शेकायला आम्ही माजी विद्यार्थी येतो.