पद्मिनीच्या इंजिनाला पेंट की पावडर कोटिंग?

बाबांची पद्मिनी, म्हणजे जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी, सहा वर्षं पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. मागच्या दिवाळीनंतर तिचं इंजिन उतरवलं आणि तेव्हापासून घरात एकच विषय, साधा रंग मारायचा की पावडर कोटिंग करून घ्यायचं. ज्याला विचारावं तो म्हणणार पावडर कोटिंगच कर रे, आयुष्यभराचं काम होतं. मी काही पार्टना केलं, काहींना मुद्दाम नाही केलं, आणि आता चार महिने गाडी चालवल्यावर माझं मत पक्कं झालंय की सरसकट ठरवूच नये. तो पार्ट किती तापतो, त्याच्यातून करंट जातो का आणि पुढे त्याला पाना कितीदा लागणार, एवढं बघायचं आणि एकेका पार्टचं वेगळं ठरवायचं.

भोसरी एमआयडीसीत पावडर कोटिंगवाले भरपूर आहेत पण बहुतेकांकडे कंपन्यांचे मोठे लॉट चालू असतात, त्यामुळे पिशवीत चार पार्ट घेऊन गेलं की आधी कोणी उभंच करत नाही. शेवटी एका काकांनी घेतले. म्हणाले, "दादा, आमची काळी पावडर शनिवारी चालू असते, त्याच्यात तुमचे पण हुकला लावून टाकतो, पण रंग काळाच मिळंल." मला काळाच हवा होता. तिथे उभं राहून सगळं बघितलं. पावडर एकदम कोरडी असते, थिनर-बिनर काही नाही, गनमधून ती चार्ज होऊन बाहेर पडते आणि हुकमधून अर्थ (अर्थिंग) झालेल्या पार्टला जाऊन चिकटते, त्यावेळी बोट लावलं तर गव्हाच्या पिठासारखी पुसून येते. मग भट्टीत पार्ट 180 ते 200 डिग्रीला पोचला की 10-15 मिनिटं तिथे धरायचा, पावडर वितळून एकसंध होते आणि कडक होते. जाडी 60-80 मायक्रॉन. पेंटचा एक हात यापेक्षा बराच पातळ बसतो. त्यामुळे दगड, तेल, पान्याचा फटका यांना पावडर खरंच जास्त टिकते, हे मान्यच करायला पाहिजे.

पण ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, मी दिला नाही. पद्मिनीचा ब्लॉक बीडाचा (ओतीव लोखंडाचा), आणि असा जुना पार्ट पावडरसाठी साफ करायला आधी बहुतेक सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा जोरदार मारा, करतात. आत ऑइलचे बारीक मार्ग असतात, तिथे वाळूचा एक कण जरी अडकला तरी तो पुढे ऑइलबरोबर थेट बेअरिंगवर जाणार. सगळी भोकं बंद करून करता येतं असं लोक म्हणतात, माझी हिंमत झाली नाही. चालू इंजिनात पाणी 90-100 डिग्रीच्या आसपास असतं आणि एवढ्यासाठी चांगला इंजिन इनॅमल रंग आरामात पुरतो. मी रॉकेलने धुतलं, वायर ब्रश मारला, परत थिनरने पुसलं, प्रायमर आणि दोन हात रंग. उद्या ओरखडा पडला तर ब्रशने टचअप होतो, पावडरला ते करता येत नाही, वरून शेवटी पेंटच लावावा लागतो. आणि पावडर एका जागी उडाली की पावसाळ्यात पाणी खालून शिरत जातं आणि मग पापुद्राच निघतो.

वाळूची भीती उगाच नव्हती हे टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या वरचं झाकण, पावडर होऊन घरी आल्यावर कळलं. बाहेरून इतकं सुंदर झालं होतं की आईने पण हातात घेऊन बघितलं. आत पत्र्याची पट्टी आहे, तिच्यामागे नीट दिसत नाही. मी टेबलवर पेपर अंथरला, कव्हर उलटं धरून लाकडी हातोड्याने हलकं ठोकलं आणि पेपरवर करकरीत करडी वाळू पडली, चिमूटभर तरी. परत ठोकलं, परत पडली. पाचव्यांदा काही आलं नाही, तरी रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं आणि सकाळी कॉम्प्रेसरची हवा मारून आणली. असा पार्ट देणार असाल तर पट्टी काढूनच द्या, नाहीतर सरळ रंग मारा.

बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या ओतीव ब्रॅकेटने दोनदा त्रास दिला. पहिल्यांदा भट्टीतून निघाला तेव्हा सगळीकडे टाचणीच्या टोकाएवढे फोड. काका म्हणाले, "कास्टिंग जुनं आहे, आत तेल मुरलंय, ते उकळून बाहेर येतंय." मग पावडर काढून ब्रॅकेट नुसताच भट्टीत टाकला, नेहमीपेक्षा थोडा जास्त तापवून आतलं सगळं जाळलं आणि मग परत कोट केला. एकदम गुळगुळीत आला. घरी बसवला, गाडी चालू केली तर चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणत राहिला, विझेचना. दोन दिवस वायरिंग शोधत बसलो, नाना पेठेतून नवीन रेग्युलेटर पण आणला. शेवटी मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली तर तिथे जवळजवळ एक व्होल्ट दिसतोय, म्हणजे अर्थच धड मिळत नव्हता. अल्टरनेटर ब्रॅकेटमधून अर्थ घेतो आणि मी ब्रॅकेटला चहूबाजूंनी पावडर चढवून घेतली होती! बोल्टचे फेस घासून धातू उघडा केला आणि दिवा विझला. त्यात बोल्टच्या डोक्याखाली जाड कोट राहिला तर तो दबत जातो आणि बोल्ट ढिला होतो, हा वेगळाच ताप. त्यामुळे आटे, पॅकिंगचे फेस आणि बोल्टच्या जागा यांचं मास्किंग (तिथे पावडर बसू नये म्हणून झाकणं) सांगून, खडूने खुणा करून द्यायचं.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव नळ्यांना, मात्र साध्या पावडरचा विचारच करू नका, तो कित्येकशे डिग्री तापतो. सिलिकॉनवाली हाय टेंपरेचर पावडर असते पण एका पार्टसाठी कोणी डबा उघडायला तयार नव्हतं. मी हीटप्रूफ स्प्रे मारला. तो नुसता वाळून पक्का होत नाही, तापवून मुरवावा लागतो. पहिले 10 मिनिटं इंजिन चालू ठेवलं, पूर्ण थंड केलं, मग 20 मिनिटं, परत थंड, मग अर्धा तास. पहिल्या वेळेस इतका धूर आला की वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी खाली येऊन विचारलं, गाडी पेटली का रे? त्यांना तिथेच खुर्ची दिली, तिसऱ्या फेरीपर्यंत ते बसून होते आणि तेव्हा धूर अजिबात नव्हता.