बिल्ले काढलेली जीटीओ

अमेरिकेत जुन्या शौकाच्या गाडीचा विमा उतरवताना तिची किंमत आधीच ठरवून घेतात. गाडी चोरीला गेली की घसारा वगैरे न लावता तेवढी रक्कम मिळते. ही किंमत ठरवायचं काम मी मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या उत्तरेकडच्या उपनगरांत करतो. पूर्वी चिंचवडला मशीन शॉपमध्ये होतो. मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही सवय तिथली.

माझं निम्मं काम म्हणजे तोतये पकडणं. साध्या गाडीला 'जीटीओ'चे, म्हणजे पॉन्टियॅक या अमेरिकी कंपनीच्या जोरदार इंजिनाच्या गाडीचे, बिल्ले चिकटवून दुप्पट किंमत सांगणारे बरेच भेटतात. त्या उन्हाळ्यात मात्र प्रकरण उलटंच निघालं.

एका बाईंचा फोन आला. वडील नुकतेच वारले होते, त्यांची 1964 ची पॉन्टियॅक ल मान्स होती. वडिलांनी हेड गॅस्केट बदलायला इंजिन उघडलं आणि ते तसंच राहिलं. "साधी गाडी आहे, फार वेळ लागणार नाही तुम्हाला," असं त्या म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. साध्या ल मान्सला त्या वर्षी वरचं इंजिन म्हणजे 326 क्युबिक इंच क्षमतेचं, आठ सिलिंडरांचं व्ही-8. (गंमत म्हणजे 1963 मध्ये पॉन्टियॅकचं '326' प्रत्यक्षात 336 चं होतं. पॉन्टियॅकची मालक कंपनी जनरल मोटर्सची या आकाराच्या गाड्यांना मर्यादा होती 330 ची, म्हणून पुढच्या वर्षी सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, कमी करून ते खरोखरचं 326 केलं.)

गाडी बाहेरून साधीच होती. बॉनेट सपाट, अंगावर कुठे अक्षर नाही. पण दार उघडलं तर मीटरभोवती गोल गोल घासकाम केलेला ॲल्युमिनियमचा पत्रा होता. असा पत्रा 1964 च्या जीटीओत असे. मग पुढच्या चाकामागे मडगार्डवर चुंबक फिरवला. एका जागी तो जेमतेम धरत होता. आतून आरसा आणि बॅटरी घालून पाहिलं तर बुजवलेली भोकं. जीटीओचा तिकोनी बिल्ला बरोबर तिथेच बसतो.

आता कुणालाही वाटेल की चासी नंबर बघावा आणि मोकळं व्हावं. पण इथेच मेख आहे. 1966 पासून जीटीओचा नंबर 242 ने सुरू होतो, म्हणून ती लगेच ओळखता येते. 1964 आणि 65 च्या नंबरांत जीटीओची खूणच नाही, कारण कंपनीच्या लेखी तेव्हा जीटीओ नावाची गाडी नव्हती! 330 च्या मर्यादेमुळे मधल्या आकाराच्या गाडीत पॉन्टियॅकचं मोठं 389 चं इंजिन नवीन मॉडेल म्हणून बसवायला वरून परवानगी मिळाली नसती. पण जादा पैसे देऊन घ्यायच्या सोयींना, म्हणजे ऑप्शनला, तशी परवानगी लागत नसे. मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही फट हेरली, पॉन्टियॅकचे प्रमुख पीट एस्टेस पाठीशी उभे राहिले, आणि ल मान्सवर सुमारे 295 डॉलरचा एक ऑप्शन म्हणून जीटीओ बाजारात आली. विक्री खात्याला पाच हजारांच्या वर खपेल असं वाटत नव्हतं. पहिल्या वर्षी 32,450 गेल्या. मग कुठला नियम आणि कुठलं काय.

नावही उचललेलं. 'ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो' ही फेरारीची अक्षरं, शर्यतीसाठी मान्यता मिळालेल्या गाडीची. पॉन्टियॅकला अशी कसलीच मान्यता नव्हती. फेरारीचे चाहते त्या वेळी खूप चिडले होते म्हणतात, आणि मला ते पटतं.

तर अशा गाडीची ओळख पटवायची तर कारखान्याचं बिलच हवं. पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे 1961 पासूनच्या अशा बिलांच्या नोंदी आहेत. नंबर पाठवला, कागद आला, आणि त्यात जीटीओचा ऑप्शन स्पष्ट लिहिलेला होता. अस्सल जीटीओ, अंगावरची ओळख पुसून टाकलेली.

बाईंना सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. साठच्या दशकाच्या शेवटी विमा कंपन्यांनी तरुण पोरांकडच्या अशा गाड्यांचे हप्ते भरमसाठ वाढवले. त्यांच्या वडिलांनी त्याच सुमाराला बिल्ले काढले, भोकं बुजवली, बॉनेट बदललं. "विम्याच्या माणसाला सगळं सांगायचं नसतं, असं बाबा म्हणायचे," त्या विम्याच्या माणसाला म्हणाल्या.

बदललेल्या बॉनेटचं मला फारसं वाईट वाटलं नाही. 1964 च्या जीटीओच्या बॉनेटवरचे हवेचे दोन झरोके नुसते दिखाऊ होते, त्यांतून आत हवा जातच नसे.

इंजिन बघायचं राहिलं होतं. पॉन्टियॅकची व्ही-8 इंजिनं बाहेरून सगळी सारखी दिसतात, पण इथे हेड उघडंच होतं. पिस्टन पार वर आणला, पार खाली नेला आणि डेप्थ गेजने मोजलं. 389 चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव, असतो पावणेचार इंच. हा पूर्ण चार इंच भरला. मला वाटलं गेज नीट टेकलं नाही. शेजारचा सिलिंडर मोजला, तिथेही चार. बोअरही 4.06 नव्हता, 4.09 होता. म्हणजे आत मोठ्या पॉन्टियॅक गाड्यांचं 421 चं इंजिन.

ही युक्ती जीटीओइतकीच जुनी आहे. मार्च 1964 मध्ये 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने जीटीओची चाचणी छापली, पाव मैल 13.1 सेकंदांत. मुखपृष्ठावर ती फेरारी जीटीओशी भिडताना रंगवली होती. प्रत्यक्षात फेरारी चाचणीला आलीच नव्हती. पॉन्टियॅकच्या जाहिरातीचे कर्तेधर्ते जिम वँगर्स यांनी पुढे कबूल केलं की मासिकाला दिलेल्या गाडीत 389 नव्हतं, 421 होतं. ही गाडी तयार केली होती रॉयल ओक गावातल्या एका डीलरने. माझ्या रोजच्या रस्त्यावरचंच ते गाव.

या गाडीत 421 कुणी आणि कधी घातलं याचा कागद नव्हता, त्यामुळे त्या दंतकथेशी तिचं नातं जोडणं मी टाळलं. अहवालात लिहिलं: मूळ जीटीओ, कारखान्याचं बिल उपलब्ध, इंजिन मूळचं नाही. मूळ इंजिन असतं तर किंमत बरीच वर गेली असती, तरीही साध्या ल मान्सपेक्षा आकडा कितीतरी मोठा आला.

बिल्ले परत लावू का, असं बाईंनी विचारलं. मडगार्डवरच्या त्या बिल्ल्यावर '6.5 लिटर' असतं. 389 भरतं सुमारे 6.4 लिटर, म्हणजे तो आकडा कारखान्यातूनच फुगवून आलेला. 421 तर 6.9 आहे. हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग राहू दे."

पॉलिसीवर मात्र आता जीटीओ लिहिलेलं आहे, आणि हप्ताही त्या हिशेबाने वाढला.