सुई चुकली नव्हती

आज ओपीडीत एक काका आले. कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी लिंबाएवढी गाठ. दुखत नाही म्हणून तीन वर्षं तशीच. काकूंचा चेहरा मात्र उतरलेला, कारण चाळीत कुणीतरी ‘गाठ म्हणजे तेच’ असं सांगून ठेवलेलं. (या चाळीतल्या तज्ज्ञांसाठी वेगळी ओपीडी काढायला हवी.)

दुसरीकडे केलेल्या सुईच्या तपासणीचा (गाठीत सुई घालून पेशी काढतात ती) रिपोर्ट होता: ‘फक्त चरबीच्या पेशी, नमुना अपुरा, पुन्हा करा.’ कानाखालच्या लाळग्रंथीत चरबीची गाठ इतकी क्वचित होते की सुई शेजारच्या चरबीत गेली असंच वाटतं. शिवाय त्या ग्रंथीत मुळातच थोडी चरबी असते, त्यामुळे नुसत्या सुईवर भरवसा नाही. पण हाताला गाठ मऊ, पिठाच्या गोळ्यासारखी लागत होती. या ग्रंथीत नेहमी दिसणारी मिश्र गाठ (वेगवेगळ्या पेशींची, सहसा साधीच) अशी नसते, ती घट्ट लागते.

सीटी काढला. त्यात भाग किती दाट आहे याचा आकडा मिळतो: पाण्याचा ० धरतात, चरबीचा उणे १००च्या आसपास येतो. इथे आला उणे १०५! कडा स्वच्छ, आत जाड पडदे नाहीत, घट्ट भाग नाही. म्हणजे साधी चरबीची गाठ, कॅन्सर दिसत नाही. काढायची तर चेहरा हलवणारी नस त्याच ग्रंथीतून जाते, म्हणून घाई नाही, नीट ठरवू म्हटलं.

काकू म्हणाल्या, “तरी सांगत होते, तेलकट कमी खा.”

“खाण्याशी संबंध नाही हो.”

काका लगेच उठले. “ऐकलंस? चल, स्टेशनबाहेर वडापाव खाऊ.”