सरस कशाला शिजवता?

माझ्या खुर्च्या दुरुस्तीच्या दुकानात पाऊल टाकलं की निम्म्यांचा पहिला प्रश्न, "मिस्त्री, कसला वास मारतोय ओ?" आणि कळलं की लगेच दुसरा, "तयार गम मिळतोय की बाजारात, सरस कशाला शिजवता?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. खडे रात्रभर गार पाण्यात भिजवायचे, सकाळी फुगले की तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा. 60-65 अंश पुरे. उकळला की ताकद गेली. काडीवरून धार न तुटता खाली आली की लावायला घ्यायचा. झंझट आहे, नाही म्हणत नाही.

पण जुनी खुर्ची आज ना उद्या परत उघडावी लागते. सरसाच्या सांध्यात इंजेक्शनच्या सुईनं स्पिरिट सोडलं की आतला सरस कोरडा, ठिसूळ होतो. लाकडी हातोडीनं दोन टिचक्या, तड् आवाज, कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, अख्खं बाहेर. जुन्या थरावर ताजा गरम सरस लावला की दोन्ही एकजीव होतात. बाजारातल्या तयार पांढऱ्या गमचं तसं नाही. सुरुवातीला मीच शहाणपणा करून एका सागवानी खुर्चीला तो लावला होता. सहा वर्षांनी ती डुगडुगत परत आली. उघडायला गेलो तर गम सुटला नाही, लाकूडच फाटलं. नवं कुसू करून बसवावं लागलं, फुकटात.

2019च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा शुक्रवार पेठेतल्या एका काकूंनी चार खुर्च्या पोत्यात भरून आणल्या. "विरघळला बघा तुमचा सरस!" मान खाली घातली. मग फरशीवर तुकडे मांडले. एकही कुसू मोडलेलं नव्हतं. खडूनं नंबर टाकले, मध्ये पट्ट्या देऊन सावलीत रचले. उन्हात ठेवले असते तर तडकले असते. दिवाळी उलटल्यावर परत जोडले, सरसानंच.

(मोरीतल्या पाटाला मात्र मीही पांढरा गमच लावतो.)

त्यातल्या एका खुर्चीची पाठ जरा वाकडी राहिली. काकू नेमक्या तिच्यावरच बसतात. टेकायला बरी पडते म्हणे.