सेलपेक्षा पॅड सांभाळा: नेमबाजीच्या इलेक्ट्रॉनिक इअरमफविषयी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे या नेमबाजाने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. तेव्हापासून साताऱ्यात माझ्याकडे चौकशीला येणाऱ्या पालकांचे प्रश्न रायफलच्या किमतीपासून सुरू होतात आणि बहुधा तिथेच संपतात. कानांचा विषय मलाच काढावा लागतो. १० मीटर एअर रायफलचा आवाज त्या मानाने सौम्य असतो आणि तिथे कानात घालायचे साधे प्लग पुरतात, परंतु मूल .२२ रायफलकडे वळले की नळीच्या तोंडाशी होणारा स्फोट १४० डेसिबलच्या आसपास जातो, आणि मोठ्या बोअरची पिस्तुले किंवा बारा बोअरची बंदूक असेल तर १५० ते १६५ डेसिबलपर्यंत. १४० डेसिबल ही क्षणिक आवाजाची धोक्याची मर्यादा मानली जाते. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि नुकसान आधी ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या उंच पट्टीत होत असल्यामुळे बरीच वर्षे ते माणसाच्या लक्षातही येत नाही.

नेमबाज दोन्ही कानांवर घालतात त्या इलेक्ट्रॉनिक इअरमफबद्दल सर्वांत रुजलेला गैरसमज असा, की गोळीचा आवाज आतले सर्किट अडवते. परवाच एका पालकांनी विचारले, ‘सर, मध्येच सेल संपले तर मुलाच्या कानांचं काय?’ कानांचे काहीही होत नाही. आवाज अडवतात ते प्लास्टिकचे कप, त्यांच्या आतला फोम आणि कानाभोवती घट्ट बसणारे पॅड. सर्किटचे काम वेगळेच आहे: बाहेरचे मायक्रोफोन आजूबाजूचे बोलणे टिपतात, आतले छोटे स्पीकर ते कानापर्यंत पोहोचवतात, आणि बाहेरचा आवाज ठरावीक पातळीच्या, म्हणजे बहुतेक मॉडेलांत ८२ डेसिबलच्या आसपास, वर गेला की स्पीकरचा आवाज दाबला जातो. सेल संपले तर तुमच्या डोक्यावर एक साधा, बहिरा इअरमफ उरतो. रेंज ऑफिसरचे ‘स्टॉप’ ऐकू येण्यासाठी सर्किट हवेच, ही गोष्ट सुरक्षेच्याच दृष्टीने मोठी आहे. पण कान वाचवण्याचे श्रेय त्याला देऊ नये.

दोन मॉडेलांत फरक पडतो तो सर्किटच्या वागण्यात. काही स्वस्त मफ मोठा आवाज होताच स्पीकर पूर्ण तोडतात. त्यामुळे शेजारच्या लेनवर सलग फायरिंग चालू असेल तर प्रशिक्षकाचे वाक्य तुकड्यातुकड्यांत ऐकू येते. चांगले मफ आवाज तोडत नाहीत, तर दाबून खाली आणतात आणि त्यामुळे बोलणे टिकून राहते. दोन्ही कपांवर स्वतंत्र मायक्रोफोन असेल तर आवाज कोणत्या बाजूने आला हेही कळते. रायफलवाल्यांना आणखी एक अडचण येते: जाड कप दस्त्याला अडतो, गाल लाकडावर नीट टेकत नाही आणि कप किंचित उचलला जातो. म्हणून रायफलसाठी पातळ कप घेतात. पातळ कपात फोम कमी, म्हणून संरक्षणही थोडे कमी. पुष्कळ पातळ मफांवर एनआरआर, म्हणजे आवाज किती डेसिबलने कमी होतो त्याचा आकडा, २२ किंवा २३ लिहिलेला असतो. हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. अमेरिकेतील निऑश ही संस्था प्रत्यक्ष वापरासाठी मफच्या आकड्यातून चौथा हिस्सा वजा करायला सांगते, आणि बंदुकीच्या आवाजासाठी आत फोमचे प्लग व वर मफ असे दुहेरी संरक्षण सुचवते. वर पत्रा आणि तिन्ही बाजूंना भिंती असलेल्या रेंजवर तर ते हवेच. सर्किटचा आवाज वाढवला की प्लग लावूनही सूचना ऐकू येतात.

चष्म्याकडे दुर्लक्ष फार होते. चष्म्याची जाड काडी पॅडखालून गेली की तिच्या दोन्ही बाजूंना फट राहते. ओढणी, टोपीची कड आणि कानावरचे केस हेही तेच करतात. तपासणी सोपी आहे: मफ घालून सर्किट बंद करावे, लोक बोलत असताना दोन्ही कप तळहातांनी हलकेच दाबावेत, आणि दाबल्यावर आवाज स्पष्टपणे कमी झाला तर सील नीट बसलेले नाही असे समजावे. पॅड म्हणजे कुकरची रिंग; ती कडक झाली की भांडे कितीही महागाचे असले तरी वाफ बाहेर पडणारच.

आणि पॅड कडक होतातच. घाम, डोक्याचे तेल आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेले ऊन हे त्यांचे तीन वैरी. आपल्याकडे मुले सकाळी तेल लावून रेंजवर येतात, त्याला माझा इलाज चालत नाही, पण सराव संपल्यावर सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पॅड पुसून सावलीत वाळवण्याची सवय लावता येते. स्पिरिट आणि थिनर वापरू नयेत, कारण त्यांनी वरचे आवरण तडकते. नियमित वापर असेल तर पॅड आणि कपातला फोम सहा महिन्यांनी बदलावा, आणि चीर दिसली तर त्याच दिवशी. हेडबँड ताणून गळ्यात अडकवून फिरणेही टाळावे, कारण त्याची पकड सैल पडते.

सेलची गोष्ट तशी थोडक्यात आटपते. बहुतेक मफांना रिमोटचे छोटे, म्हणजे ट्रिपल ए सेल लागतात. महिनाभर वापर नसेल तर ते काढून ठेवावेत. एका मुलाचा मफ सुटीनंतर उघडला तेव्हा स्प्रिंगवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड साचली होती. अल्कलाइन सेल पाझरल्याची ती खूण होती. कापसाच्या काडीवर लिंबाच्या रसाचे दोन थेंब घेऊन ती पुसली, मग कोरड्या काडीने टिपले, आणि मफ पुन्हा चालू झाला. रस सर्किटकडे ओघळू देऊ नये, एवढे मात्र पाहावे. साताऱ्याच्या पावसाळ्यात मफ ओल्या बॅगेत ठेवण्यापेक्षा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलेला बरा. मायक्रोफोनवरचा स्पंजचा तुकडा हरवू देऊ नये. मोकळ्या रेंजवर वारा सुटला की त्याच्याशिवाय कानात नुसती घरघर होते.

स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांच्या पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावे: आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांनुसार खेळाडूला आवाज ग्रहण करणारे साधन बसवलेले कर्णरक्षक वापरता येत नाहीत. ऐन स्पर्धेच्या सकाळी हे कळले तर मूल बावरते. म्हणून स्पर्धेआधीचे काही आठवडे साध्या मफवर किंवा प्लगवरच सराव करून घ्यावा आणि इलेक्ट्रॉनिक मफ त्या काळात प्रशिक्षकाच्या डोक्यावर असू द्यावा.